वाहावं, पण ओघळू नये

घरी जेवायला आलेल्या माणसानं वरणाची वाटी तिरपी करून पाहिली, की मला राग येतो. वाढलंय ते खावं, नको असेल तर तसं सांगावं, परीक्षा कसली घेता? भोयर सर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले आणि त्यांनी नेमकं तेच केलं. वाटी उचलली, कलती केली, वरण काठापर्यंत कसं सरकत येतं ते पाहिलं, पुन्हा सरळ केली आणि मला म्हणाले की मॅडम, डाळ तुम्ही मस्त घोटली, पण वाढायच्या आधी हे बराच वेळ तसंच ठेवलं होतं ना? ठेवलं होतं. सकाळी कॉलेजला जायच्या आधी शिजवलं होतं आणि आल्यावर नुसतं गरम केलं होतं. पण हे कुणी चारचौघांत बोलून दाखवतं का? मी त्यांना आग्रह करायचा नाही असं ठरवलं, आणि ते मात्र तेच वरण दोनदा मागून जेवले.

वर्ध्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघं शिकवत होतो. मी वनस्पतिशास्त्र, ते रसायनशास्त्र. एकोणीसशे सत्तरच्या दशकाची अखेर असेल. बोरगाव मेघेला त्यांची भाड्याची जागा आमच्या घरापासून दोन घरं सोडून होती आणि त्यांच्या मागच्या कुंपणापलीकडे तेव्हा सरळ कपाशीचं शेत सुरू व्हायचं. त्यांची बायको, मालती वहिनी, माझी मैत्रीण झाली आणि त्यामुळे या गृहस्थाला मला जवळून सोसावं लागलं.

उंच, सडपातळ माणूस, मान कायम पुढे काढलेली, सारखी कशात तरी वाकून पाहत असल्यासारखी. सदऱ्यावर ठिकठिकाणी कडक, चकचकीत डाग. ते डाग रेझिनचे. रेझिन म्हणजे मधासारखा एक चिकट पदार्थ. त्यात दुसरं एक औषध मिसळलं की तो दगडासारखा घट्ट होतो आणि मग जन्मात निघत नाही. असल्या घट्ट द्रवात दगडाची, वाळूची पूड कालवली की तो कसा वाहतो, हा सरांचा विषय. नागपूरला राहून त्यावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. स्टाफरूममध्ये त्यांना चिखलाचे डॉक्टर म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. म्हणायचे, आमच्या घरचे सगळे चिखलातच आहेत, मी एकटा शिकून बाहेर गेलो असं नको व्हायला.

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत, पण वर्गाचं दार ओलांडलं की लगेच वऱ्हाडीवर येत. शिकवायची तऱ्हाही न्यारी. एकदा हरभऱ्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन वर्गात गेले आणि पोरांना विचारलं, भरलं का? पोरं म्हणाली, भरलं. मग त्यात मूठमूठ राजगिरा ओतला आणि पातेलं हलवत राहिले. राजगिरा फटींमधून खाली उतरत गेला. मग सांगितलं की सगळी पूड एकाच मापाची असली तर ती एकमेकीला अडवते, जाडीबरोबर बारीक घातली तर तेवढ्याच रेझिनमध्ये जास्त पूड मावते आणि वर वाहतेही बरी. पोरांनी नंतर हरभरे खाऊन टाकले. राजगिऱ्याचे लाडू वहिनींनी करायचे ठरवले होते, ते राहिले, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. सरांच्या मात्र तो विषय डोक्यातून गेला नाही. आर्वीच्या बसमध्ये आम्ही दरवाजाशी चेंगरून उभे होतो तेव्हा मला म्हणाले, "पाहा मॅडम, सगळे सारखेच जाडे चढले म्हणून हे अडून राह्यलं. मधात बारकी पोट्टी असती तं सरकलं असतं." शेजारच्या एका चांगल्या भरल्या अंगाच्या बाईनं हे ऐकलं आणि पुढच्या थांब्यापर्यंत ती त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती मी विसरणार नाही.

अल्लीपूर माझं माहेर. धाकट्या बहिणीच्या लग्नाला सर आणि वहिनी आले होते. सर नवा सफारी घालून, अगदी पाहुण्यासारखे. पंगतीची वेळ झाली तरी सरांचा पत्ता नाही. मी शोधायला गेले तर मांडवामागे आचाऱ्याजवळ उकिडवे बसलेले, आणि जिलबीच्या पिठाचं फडकं त्यांच्याच हातात. आचाऱ्याला त्यांनी समजावलं होतं म्हणे, की पीठ उगाच फेटू नको, फेटलं की ते सैल पडतं, जरा विसावू दे. आचारी म्हणाला, तुम्हीच पाडा. सरांनी पाडली. कढईत जिलबी नाही, नुसता गोळा तरंगला. दुसरीही तशीच. आचारी मांडीवर थापा मारून हसला, सरही हसले, आणि पुढचा पाऊण तास नवा सफारी तुपानं माखेपर्यंत त्याच्या मनगटाकडे पाहत बसले. जाताना मला एवढंच म्हणाले, की माझं पिठाबद्दलचं बरोबर होतं, हाताबद्दलचं चुकलं. या माणसावर मला चिडताच येईना. स्वतःची फजिती एवढ्या आनंदानं सांगणारा प्राध्यापक मी दुसरा पाहिला नाही.

कुणी चिडलेलं असलं की त्यांचा एक ठरलेला उपाय असे. आमचे प्राचार्य संतापी होते. कुणाला बोलावणं आलं की सर म्हणत, आता जाऊ नका, तापलेले आहेत. तापलं का पातळ होते आणि पातळ झालं का भलतीकडेच वाहते. थोडं निवू द्या. आणि कुठल्याही अडलेल्या कामात, मग ते प्रयोगशाळेतलं असो की वहिनींच्या बहिणीचं लग्न जुळवायचं असो, त्यांचं वाक्य एकच: त्याले कसं वाहाचं आहे ते पाहू द्या ना जरा.

असा हा माणूस मी एकदाच पुरता हरलेला पाहिला, तो त्यांच्या स्वतःच्या गावी.

रोहण्याच्या पलीकडे त्यांचं गाव. थोरले भाऊ शेती पाहत, त्यांना सगळे दादा म्हणत. आई दादांजवळ राहायची. काचबिंदूनं तिची दृष्टी पार गेली होती. गावात देवीचं लहानसं देऊळ, काळ्या दगडाची मूर्ती. आमच्याकडच्या गावदेवीला सोवळ्याचं फार कौतुक नसतं, कुणीही आत जाऊन पाय धरतं. आई रोज सकाळी नातीचा हात धरून देवळात जायची आणि देवीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवायची. तेच तिचं दर्शन. पिढ्यान्‌पिढ्या दह्यादुधाचे अभिषेक होऊन तो दगड झिजला होता, गालाला चीर गेली होती. त्या वर्षी माघात अभिषेकाच्या कळशीचा काठ लागून नाकाचा उरलासुरला शेंडाही उडाला.

खंडित मूर्ती पुजत नाहीत. गावात दोन तट पडले. एकांचं म्हणणं, ही वर्धेच्या पात्रात विसर्जित करा आणि पांढरी संगमरवरी आणा. दुसऱ्यांना जुनीच हवी होती. बैठकीत दादांनी कुणाला न विचारता शब्द देऊन टाकला, की आमचा मधु, म्हणजे सर, वज्रलेप करून देईल. मग असं ठरलं, की चैत्री पौर्णिमेच्या यात्रेआधी लेप नीट बसला तर ठीक, नाहीतर जुनी नदीत आणि नवीन देवळात.

हे सांगायला दादा बोरगावला आले तेव्हा मी तिथंच बसले होते. सर चरकले. म्हणाले, मी वह्यांवर काम करणारा माणूस, देवाच्या तोंडावर कधी हात फिरवला नाही. दादांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मले तुह्यं समजते रे. पण मायनं जेवण अर्धं केलं. म्हणते, मले नवी नोको, नवी मले वळखन का?"

दुसऱ्या दिवशी सरांनी गावच्या खाणीतला तसलाच काळा दगड मागवला आणि खलबत्त्यात कुटायला घेतला.

मोठी अडचण होती ती नाकाची. लेप गालाच्या चिरेत आतपर्यंत उतरायला हवा, म्हणजे वाहायला हवा. पण नाक उभ्या दगडावर चढवायचं, तिथं तो वाहून चालणार नाही. पातळ केला तर नाक ओठावर उतरेल, घट्ट केला तर चिरेत हवा कोंडेल आणि पुढेमागे तो पापुद्रा होऊन निघेल. सर म्हणायचे, सुरीनं दाबलं तेवढा वेळ वाहावं, सुरी उचलली का थांबावं. आपल्या काळ्या मातीचा गारा असाच असतो, पायानं तुडवला की सैल, सोडला की बसतो. ती अक्कल या लेपाला यावी म्हणून त्यांनी जाडी पूड, बारीक पूड आणि नागपूरहून आणलेली कापसासारखी हलकी एक पांढरी पूड यांची मिश्रणं करून पाहिली. करून कशावर पाहायची, तर वहिनींच्या जुन्या पाट्यावर. पाटा मागच्या अंगणात भिंतीला उभा टेकवला आणि त्यावर नाकं चढवायला सुरुवात केली. काही नाकं ओघळली, काही गळून पडली. शेवटी एक चांगलं, धारदार नाक बसलं. पहाटे वहिनी अंगणात गेल्या तर पाट्याला हळदकुंकू वाहिलेलं आणि पुढे जास्वंदीचं फूल. शेजारच्या कुणी बाईनं पाण्याला जाता जाता नमस्कार करून घेतला होता. वहिनी म्हणाल्या, आता यावर मी चटणी कशी वाटू? पाटा तेव्हापासून तुळशीजवळ गेला तो गेलाच.

मला सोबत नेलं ते मूर्तीच्या पायथ्याशी चढलेल्या शेवाळासाठी. लेपाखाली हिरवं राहिलं तर लेप धरणार नाही, ते काढायचं काम माझं. आम्ही गेलो, मी ब्रश घेऊन देवीचे पाय घासले, दगड फडक्यानं आणि उन्हानं वाळवला. उन्हात लेप भराभर आवळतो म्हणून सरांनी सकाळीच काम धरलं. देवळाचे गुरव सदाशिवभाऊ, पन्नाशीचा, हळवा माणूस, सगळं हातात आणून देत होते. तामचिनीच्या घमेल्यात सरांनी रेझिन घेतलं, त्यात पूड हळूहळू घातली, बुडबुडे येऊ नयेत म्हणून सावकाश घोटली, दुसरं औषध घातलं आणि चिकटलेले हात पुसायला विहिरीकडे गेले. परत येऊन लेप लावायला बसले. मधेच एकदा म्हणाले, की आज रंग जरा फिका दिसते. मग सकाळच्या गारव्यावर ते ढकललं आणि काम पुरं केलं. नाक सुंदर झालं होतं. देवळाचं दार लावून आम्ही घरी आलो, आई ओसरीवर बसली होती, तिला सरांनी सांगितलं की संध्याकाळी तुले नेतो.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा नाक वरच्या ओठावर लोंबत होतं आणि गालावरून काळा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. बोट लावलं तर चिकट. घट्ट व्हायचं नावच नव्हतं.

मागून कुणीतरी म्हणालं, की देवीले पसंत नाई. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही, लोक चपला घालून निघून गेले, आणि मला तेच फार लागलं. दादा खांबाला धरून उभे होते. सर मूर्तीसमोर बसून राहिले. ज्या माणसानं माझ्या वरणाला सोडलं नाही, त्याला त्या ओघळाकडे पाहवेना. घरी आलो तेव्हा आई ओसरीवर वाट पाहत होती. पावलांवरून तिला कळलं असावं. तिचं ताट तसंच परत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर लेप खरवडून काढायला गेले, मी सोबत होते. यात्रा तोंडावर आली होती आणि पुन्हा करून पाहायची त्यांची हिंमत राहिली नव्हती. चुकलं कुठं तेच कळत नव्हतं. रेझिन तेच, पूड तीच, घरच्या पाट्यावर बसलेलं नाक अजून शाबूत. त्यांनी सुरी उचलली आणि तशीच धरून राहिले. मग मला बोलावलं.

"मॅडम, हे मुंगळे पाहा."

उंबऱ्यापासून देवीच्या गालापर्यंत मुंगळ्यांची रांग लागली होती. काही ओघळात चिकटून मेलेले, काही काठाकाठानं चाटत होते. मी वनस्पतीवाली असले तरी एवढं मलाही कळत होतं, की रेझिन कुणी खात नाही. सरांनी बोट लावून वास घेतला, मग माझ्यापुढे धरलं. औषधाच्या उग्र वासाखाली आंबट दह्याचा वास येत होता.

मागे सदाशिवभाऊ उभे होते. सरांनी वळून पाहायच्या आधीच त्यांनी हात जोडले. हात पुसायला सर विहिरीवर गेले तेवढ्यात त्यांनी घमेल्यात पंचामृत घातलं होतं. दही, दूध, मध, साखर, तूप, वर गंगाजल. वाईट हेतू काडीचा नव्हता. ते पार रडकुंडीला आले. "सर, पळीभरच टाकलं जी. दुकानातलं औषध तीर्थाबिगर देवीच्या तोंडाले कसं लावाचं? माह्या मनाले लागून राह्यलं होतं."

आता हा माणूस भडकणार, असं मला वाटलं. मी असते तर भडकलेच असते, खोटं कशाला बोलू. सर मटकन खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. "सदाशिवभाऊ, तुमी मले वाचवलं. मी समजलो का माह्यंच सारं खोटं निघालं."

ते हसणं ऐकून माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. पण त्यांना त्याहून पुढचं सुचलं होतं. गुरवाला त्यांनी बाजूला काढलं नाही, नजर ठेवू असं म्हटलं नाही. विचारलं, तीर्थ कशावर शिंपडलं तर तुमचं समाधान होईल? मग दोघांनी मिळून ठरवलं. ओलावा लेपाला चालत नाही आणि मध-दही तर नाहीच, पण दगडाच्या कोरड्या पुडीवर गंगाजल शिंपडायला काही हरकत नव्हती, ती मग उन्हात वाळवता आली असती. दुपारी देवळाच्या ओट्यावर पांढरं धोतर अंथरून त्यावर काळी पूड पसरली. सदाशिवभाऊंनी अंघोळ करून, दुर्वांनी, मंत्र म्हणत तिच्यावर गंगाजल शिंपडलं. सर शेजारी हात जोडून उभे. बातमी गावात फिरली, नवी मूर्ती हवी होती ते लोकही पाहायला आले, आणि त्यांच्यातल्या एकानं वाऱ्यानं धोतर उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार गोटे आणून ठेवले. चैत्राच्या उन्हानं पूड खडखडीत वाळली. सरांनी ती पुन्हा चाळली.

पुढच्या सकाळी दुसरा लेप. या वेळी घमेल्याजवळ राखणीला सदाशिवभाऊ स्वतः बसले आणि माशीसुद्धा बसू देईनात. रंग गडद आला, दगडाचाच. सरांनी सुरीनं लेप गालाच्या चिरेत दाबला, तो आत उतरत गेला, चीर भरून काठाशी आला. सुरी उचलली. तो थांबला. नाकावर थर चढवला, सुरी उचलली, आम्ही दोघं बराच वेळ नुसते त्या शेंड्याकडे पाहत होतो. तो जागचा हलला नाही. दुपारी सरांनी नख मारलं तर टक्‌ वाजलं. तो आवाज ऐकून दादा देवळाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. सर मात्र अजून मोकळे झाले नव्हते. संध्याकाळपर्यंत ते दगडानं आणि तेलानं घासून नाक, गाल एकजीव करत राहिले.

बैठकीतल्या लोकांनी आपणहून सांगितलं, की आम्ही काय पाहाचं, तुमच्या मायले विचारा. रोजचा हात तिचाच.

आईला आणलं. देवळात माणसं दाटली होती, तरी तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता. नातीनं तिचा हात देवीच्या कपाळावर नेऊन ठेवला. तो हात सवयीनं खाली आला. भुवया, डोळे. नाकावर थांबला. पुढे गेला, पुन्हा वर आला, शेंड्यावर अंगठा फिरला. गालावर चिरेची जागा शोधली, सापडली नाही. सर माझ्या शेजारी मान पुढे काढून उभे होते.

"मी लगन होऊन आली तवा अशी होती," आई म्हणाली. "तवाचं नाक हाये हे. मले आठवते."

मागे कुणीतरी देवीचा जयजयकार केला, घंटा वाजली, सदाशिवभाऊ ओल्या डोळ्यांनी कळशी आणायला धावले आणि सरांनी त्यांना उद्यापर्यंत थांबायला सांगितलं. त्या गलबल्यात आईनं मागे वळून मधु कुठं आहे म्हणून विचारलं. सर पुढे झाले, तिच्यापुढे वाकले. तोच हात, तेलानं आणि दगडाच्या भुकटीनं काळा झालेला, तिनं लेकाच्या कपाळावर ठेवला. भुवयांवरून, डोळ्यांवरून, नाकावरून तो हळूहळू हनुवटीपर्यंत आला आणि बसलेल्या गालांवर थांबला.

"किती सुकला रे," ती म्हणाली. "दोन दिसापासून जेवला नाईस ना?"

"नाई व माय."

"चाल मंग. मलेबी भूक लागली."